टीम बिल्डिंगचा कार्यक्रम: खेळ कोणता, हे सगळ्यात शेवटी ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: ६० जणांचं ऑफिस, तीन विभाग (३०, १८ आणि १२ माणसं). गेल्या वर्षी टीम बिल्डिंगचा कार्यक्रम सुट्टीच्या दिवशी शहराबाहेर ठेवला होता. वीसेक जण आलेच नाहीत, आलेले दुपारनंतर घड्याळ बघत बसले, आणि नंतरच्या फीडबॅक फॉर्ममध्ये मात्र जवळपास सगळ्यांनी ‘छान’ लिहिलं. यंदा व्यवस्थापनाला पुन्हा कार्यक्रम हवा आहे आणि एका व्हेंडरला आगाऊ रक्कमही देऊन झाली आहे. तर लोकांना मनापासून आवडेल असा कोणता खेळ ठेवावा?

खेळाकडे नंतर येतो. असे कार्यक्रम खेळामुळे क्वचितच फसतात. त्या खेळापायी माणसाला काय मोजावं लागलं, तिथे फसतात. कंपनी जागेचे, बसचे, जेवणाचे पैसे मोजते. कर्मचारी आपला सुट्टीचा दिवस देतो, लहान मुलं किंवा आजारी आईवडील यांची सोय लावतो, मागे साचलेलं काम दुसऱ्या दिवशी उपसतो, आणि चारचौघांत आपलं हसं होईल ही धास्ती वर. पहिला हिशेब एक्सेलमध्ये असतो, दुसरा कुठेच लिहिलेला नसतो. नियोजन करायचं ते या दुसऱ्या हिशेबाचं. तो जमला की साधा खेळही रंगतो, आणि तो चुकला तर महागातला महाग रिसॉर्टही उपयोगाचा नाही.

आधी त्या ‘छान’बद्दल. जेरी हार्वे या व्यवस्थापनाच्या प्राध्यापकाने १९७४ मध्ये ‘ॲबिलीन पॅरॅडॉक्स’ नावाची गोष्ट मांडली. टेक्सासमधलं एक कुटुंब भर उन्हाळ्यात, एसी नसलेल्या गाडीतून ५३ मैल लांब ॲबिलीनला जेवायला जातं. परत आल्यावर कळतं की जायचं कुणालाच नव्हतं, प्रत्येकाला वाटलं की बाकीच्यांना जायचंय. ऑफिसच्या सहली नेमक्या अशाच ठरतात. मॅनेजरला वाटतं लोकांना हवंय, लोकांना वाटतं मॅनेजरला हवंय, एचआरला वाटतं दोघांनाही हवंय. म्हणून ‘जायचं ना?’ असं भर मीटिंगमध्ये विचारून मिळालेला होकार धरू नका. नावासकट भरून घेतलेला फॉर्मही धरू नका.

हेतू एका वाक्यात लिहा, नाहीतर थांबा

‘टीम स्पिरिट वाढवणं’ हा हेतू नव्हे. ‘विक्री विभाग आणि हिशेब विभागातली माणसं एकमेकांना फक्त ईमेलमधून ओळखतात, त्यांची समोरासमोर ओळख व्हावी’ हा हेतू झाला. ‘गेल्या सहा महिन्यांत १४ जण नवे आले, त्यांना कोणत्या कामाला कुणाकडे जायचं ते कळावं’ हाही झाला. ‘मोठं काम नुकतंच संपलं, सगळे थकलेत, जरा श्वास घ्यावा’ हासुद्धा चालेल, पण मग त्यात काही शिकवायला जाऊ नका. थकलेल्या माणसांना नेतृत्वाचे धडे देणाऱ्या स्लाइड दाखवणं म्हणजे जखमेवर मीठ.

क्लाइन, सालास या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टीम बिल्डिंगवरचे आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून २००९ मध्ये त्यांची तपासणी प्रसिद्ध केली. ध्येय ठरवणं, परस्परसंबंध, समस्या सोडवणं आणि भूमिका स्पष्ट करणं असे चार प्रकार त्यांनी धरले होते. त्यात सर्वांत जास्त परिणाम दिसला तो ध्येय ठरवण्याचा आणि भूमिका स्पष्ट करण्याचा. म्हणजे ‘कोण काय करतं आणि आपण कुठे चाललोय’ हे एकत्र बसून उलगडणं दोरीखेचीपेक्षा जास्त कामाला येतं. हे बऱ्याच आयोजकांना रुक्ष वाटतं. कर्मचाऱ्यांना तितकं वाटत नाही, कारण रोजचा वैताग त्यांचाच असतो.

आणि लोक नाराज असण्याचं खरं कारण पगार, रखडलेली बढती किंवा रोजचं ओव्हरटाइम असेल, तर कार्यक्रम पुढे ढकला. अशा वेळी केलेला खर्च लोकांना बक्षिसासारखा वाटत नाही, डिवचल्यासारखा वाटतो.

काय आवडतं हे विचारू नका, काय नको ते विचारा

‘तुम्हाला काय आवडेल?’ या प्रश्नाला ६० जणांकडून ४० उत्तरं येतात. त्यातलं एक निवडलं की बाकीची ३९ उत्तरं देणाऱ्यांचं ऐकलं नाही असं होतं. उलटा प्रश्न जास्त उपयोगी पडतो. तीन मिनिटांत भरता येईल असा निनावी फॉर्म काढा आणि त्यात एवढंच ठेवा: कोणता दिवस आणि कोणती वेळ तुम्हाला अजिबात जमत नाही, खालीलपैकी काय असेल तर तुम्ही कार्यक्रम टाळाल, कोणत्या विभागाशी तुमचं रोजचं काम असतं पण ओळख नाही, आणि हाच वेळ व पैसा तुम्हाला दुसऱ्या कशासाठी वापरावासा वाटला असता.

‘टाळाल’च्या यादीत नेमके पर्याय लिहा: धावपळ, पाण्यातले खेळ, उंचावरचे खेळ, डोळ्यांवर पट्टी, सहकाऱ्यांचा अंगस्पर्श होणारे खेळ, सगळ्यांसमोर गाणं-नाच-अभिनय, खासगी आयुष्याबद्दल प्रश्न, मद्य, रात्रीचा मुक्काम, लांबचा प्रवास. ६० पैकी सहा जणांनी, म्हणजे दहात एकाने, एखाद्या गोष्टीवर खूण केली तर ती मुख्य कार्यक्रमातून सरळ काढून टाका. सहा हा आकडा शास्त्राने दिलेला नाही, पण सहा माणसं बाजूला बसलेली दिसली की उरलेल्यांचाही रस जातो.

इथे एक गफलत हमखास होते. खाण्याचं पथ्य, ॲलर्जी, व्हीलचेअर, कमी ऐकू येणं, गरोदरपण, पाठीचं दुखणं ही माहिती निनावी फॉर्ममध्ये घेऊन उपयोग नसतो, कारण सोय कुणासाठी करायची तेच कळत नाही. आणि ती नावासकट त्याच फॉर्ममध्ये मागितली तर बाकीची उत्तरं गुळगुळीत होतात. म्हणून फॉर्म दोन काढा. दुसरा नावासकट, दोनच ओळींचा, आणि तो कोण वाचणार त्या एका माणसाचं नाव वर स्पष्ट लिहा.

वेळ कुणाचा?

एकच गोष्ट बदलायची मुभा असेल तर ही बदला: कार्यक्रम कामाच्या दिवशी, कामाच्या वेळात ठेवा. सुट्टीचा दिवस घेणारच असाल तर त्याबदली सुट्टी द्या, आणि ती निमंत्रणातच तारखेसकट जाहीर करा. ‘नंतर ॲडजस्ट करू’ यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

निमंत्रण तीन ते चार आठवडे आधी जावं. महिनाअखेर, तिमाहीचा शेवट, मोठी डिलिव्हरी आणि परीक्षांचा हंगाम टाळा. आठवड्याच्या मधला दिवस सहसा बरा पडतो. पहिल्या दिवशी साचलेलं काम असतं आणि शेवटच्या दिवशी लोक मनाने घरी गेलेले असतात. प्रवासाचा माझा नियम सोपा आहे: जाऊन-येऊन लागणारा वेळ कार्यक्रमाच्या चौथ्या हिश्शाहून जास्त नको. चार तासांच्या कार्यक्रमाला एक तास, त्याहून जास्त नाही. दोन तास बसमध्ये घालवून दोन तास खेळायचं, हा व्यवहार तोट्याचा.

सर्वांत दुर्लक्षित मुद्दा म्हणजे त्या दिवशीचं काम कोण करणार. अर्धा दिवस कार्यक्रमात गेला आणि डेडलाइन होती तिथेच राहिली, तर तो अर्धा दिवस माणूस रात्री जागून भरून काढतो. मग त्याने हसत भाग घ्यावा ही अपेक्षा कशी धरायची? कार्यक्रमाच्या आठवड्यातल्या किमान काही मुदती एक-दोन दिवस पुढे सरकवा आणि हे प्रत्येक विभागप्रमुखाने आपल्या लोकांना लेखी कळवावं. ग्राहकांचे फोन घेणारे किंवा शिफ्टमध्ये काम करणारे असतील तर कार्यक्रम दोन तुकड्यांत करा. दोन्ही तुकड्यांना जेवण आणि वेळ अगदी सारखा. ‘उरलेल्यांसाठी केक पाठवला’ हे लोक वर्षभर लक्षात ठेवतात.

गट: चारचे किंवा पाचचे, आणि आधीच पाडलेले

फ्रेंच शेतकी अभियंता मॅक्स रिंगेलमान याने दोरी ओढणाऱ्या माणसांची ताकद मोजली होती. १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या मोजमापात दिसतं की माणसं वाढत जातात तसा माणशी जोर कमी होत जातो. गप्पांचंही तसंच. टेबलाभोवती चारांपेक्षा जास्त माणसं झाली की एकच संभाषण टिकत नाही, त्याचे दोन तुकडे होतात. रॉबिन डनबार या मानववंशशास्त्रज्ञाच्या निरीक्षणांतही चारचीच मर्यादा दिसते. त्यामुळे दहा-दहाचे गट पाडले की तिघे बोलतात, दोघे मोबाइल काढतात आणि उरलेले मान डोलावतात.

गट त्या क्षणी पाडायला लावू नका. ‘आपापले गट करा’ म्हटल्यावर लोक शेजारच्या खुर्चीवाल्यालाच धरतात, आणि कोपऱ्यात उरलेले दोघे-तिघे अवघडून उभे राहतात. शाळेतली ती आठवण कुणालाच नको असते.

तुमच्या ६० जणांसाठी करून दाखवतो. १२ गट, प्रत्येकी पाच. यादी विभागवार लावा: आधी ३० जणांचा विभाग, मग १८, मग १२. पत्ते वाटतात तसे क्रमांक वाटा, १ ते १२ आणि पुन्हा १ पासून. मेख एवढीच, की विभाग बदलला तरी मोजणी नव्याने सुरू करायची नाही, सुटली तिथून पुढे न्यायची. ३० जण वाटून झाले की पहिल्या सहा गटांत तिघे आणि पुढच्या सहांत दोघे असतात. दुसरा विभाग सातव्या गटापासून सुरू होतो, म्हणून सात ते बारा या गटांत त्याचे दोघे-दोघे आणि पहिल्या सहांत एकेक येतो. तिसऱ्या विभागाचा प्रत्येक गटात एक. सगळे गट बरोब्बर पाचचे आणि प्रत्येकात तिन्ही विभाग. यानंतर यादीवरून एकदा नजर फिरवा: कुणी आपल्या थेट वरिष्ठाबरोबर एकाच गटात आलाय का? आला असेल तर त्याच विभागातल्या दुसऱ्या गटातल्या माणसाशी अदलाबदल करा, म्हणजे विभागांचं प्रमाण बिघडत नाही. ज्यांचं आपसांत जमत नाही अशा जोड्या विभागप्रमुखांना माहीत असतात. त्या तोंडी विचारा, लिहून ठेवू नका.

स्पर्धेबद्दल दोन शब्द. विभाग विरुद्ध विभाग असा सामना कधीही लावू नका. सामाजिक मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ यांच्या १९५४ च्या ‘रॉबर्स केव्ह’ प्रयोगात, ओक्लाहोमातल्या शिबिरात आलेल्या मुलांचे दोन गट करून त्यांच्यात बक्षिसांच्या स्पर्धा लावल्या. शिवीगाळ, झेंडे जाळणं आणि एकमेकांच्या खोल्यांवर धाडी इथवर प्रकरण गेलं. नुसतं एकत्र जेवायला बसवून, सिनेमा दाखवून ते शमलं नाही. शिबिराचं पाणी बंद पडलं, ट्रक अडकला, आणि दोन्ही गटांनी मिळून हात लावल्याशिवाय भागेना, तेव्हा कुठे वैर निवळलं. ऑफिसमध्ये झेंडे जाळत नाहीत, पण ‘हिशेबवाल्यांनी चीटिंग केली’ हे वाक्य पुढे सहा महिने चालतं. स्पर्धा हवीच असेल तर मिश्र गटांत ठेवा, आणि बक्षीस हसण्यावारी नेता येईल इतकं क्षुल्लक ठेवा.

आता खेळ

हेतू ओळखीचा असेल तर मनोऱ्याचा खेळ चांगला. तो पीटर स्किलमन या डिझायनरने रचला आणि टॉम वुजेक यांच्या २०१० च्या भाषणानंतर सगळीकडे पसरला. चार जणांचा गट, कच्च्या स्पॅगेटीच्या २० काड्या, एक यार्ड म्हणजे साधारण ९० सेंमी चिकटपट्टी, तेवढाच दोरा, एक मार्शमेलो (साखरेच्या मऊ मिठाईचा गोळा) आणि १८ मिनिटं. मार्शमेलो टोकावर ठेवून सर्वांत उंच, स्वतःच्या बळावर उभा राहणारा मनोरा करायचा. तुमच्याकडे १५ गट होतील, म्हणजे ३०० काड्या. पण काड्या वाहतुकीतच मोडतात, म्हणून ३६० धरा. पट्टी आधीच कापून टेबलाच्या कडेला चिकटवून ठेवा, नाहीतर १५ गट मिळून दोन कात्र्या शोधत फिरतात. नियम आधीच सांगायचे: उंची टेबलापासून मोजणार, छताला किंवा खुर्चीला बांधायचं नाही, वेळ संपल्यावर हात काढले की मनोरा उभा असला पाहिजे. बहुतेक गट १७ मिनिटं सांगाडा करतात, शेवटच्या मिनिटाला मार्शमेलो ठेवतात आणि सगळं कोसळतं. मऊ दिसणारा तो गोळा काड्यांच्या मानाने जड असतो. वुजेक यांच्या निरीक्षणात बालवाडीतली मुलं या खेळात बिझनेस स्कूलच्या पदवीधरांना मागे टाकतात, कारण ती पहिल्यापासून गोळा वर ठेवून बघतात. खाण्याची वस्तू वाया घालवणं पटत नसेल तर २० कोरे कागद, तेवढीच पट्टी आणि वर ठेवायला टेनिसचा चेंडू घ्या. चेंडू गडगडतो, त्यामुळे खेळ थोडा अवघड होतो.

हेतू कामातल्या बोलण्याचा असेल तर पाठीला पाठ लावून चित्र काढण्याचा खेळ घ्या. एकाच्या हातात भौमितिक आकृत्यांचं चित्र: चौकोन, त्याला टेकलेला त्रिकोण, अर्धं आत शिरलेलं वर्तुळ, एक तिरकी रेघ. तो फक्त शब्दांत सांगतो, पाठीमागचा ऐकून काढतो. ‘घर’, ‘पतंग’ असे शब्द वापरायचे नाहीत. पहिली फेरी चार मिनिटं, काढणाऱ्याने एकही प्रश्न विचारायचा नाही. दुसरी फेरी नव्या चित्राची, चार मिनिटं, हवे तितके प्रश्न विचारा. दोन्ही कागद शेजारी ठेवले की बोलायला वेगळं निमित्त लागत नाही. पाचच्या गटात दोन जोड्या आणि एक निरीक्षक असतो. बोलायचं नसणाऱ्यासाठी निरीक्षकाची जागा उत्तम. एकाच गटातल्या दोन जोड्यांना सारखं चित्र देऊ नका, एक जोडी दुसरीचं ऐकून काढते. म्हणजे चार वेगळी चित्रं, प्रत्येकाच्या १२ प्रती, एकूण ४८ कार्डं आणि वर चार-पाच जास्तीची. नंतर एकच प्रश्न विचारायचा: ‘आपल्या कामात पहिल्या फेरीसारखं कुठे होतं?’ लोक लगेच सांगतात: अर्धवट भरलेला मागणी फॉर्म, तीन शब्दांचा ईमेल, फोनवर दिलेली ऑर्डर.

आणि हेतू खरोखर काम सुरळीत करण्याचा असेल तर खेळही नको. ‘कुठे अडतं’ ही पाऊण तासाची बैठक घ्या. पाच मिनिटं प्रत्येकाने एकट्याने, गप्प बसून कार्डावर लिहायचं: ‘अमुक गोष्ट मागितल्यावर ती मिळायला वेळ लागतो, कारण…’ माणसाचं नाव लिहायचं नाही, कामाचं लिहायचं. मग २५ मिनिटं गटात वाचून त्यातली एक अडचण निवडायची: जास्तीचा खर्च न करता दोन आठवड्यांत सुटेल अशी. उरलेल्या १५ मिनिटांत पहिली पायरी लिहायची. १२ गटांची १२ कार्डं भिंतीवर लावा आणि प्रत्येकाला तीन ठिपके द्या, ते हव्या त्या कार्डांवर चिकटवू देत. सर्वांत जास्त ठिपके पडलेल्या तीन अडचणींवर अधिकार असलेल्या वरिष्ठाने तिथेच हो किंवा नाही सांगायचं. ‘हो’ असेल तर जबाबदार माणूस आणि तारीख, ‘नाही’ असेल तर कारण. ‘बघू’ हे उत्तर चालणार नाही हे वरिष्ठांना आदल्या दिवशी स्पष्ट सांगा. ते कबूल नसतील तर ही बैठक ठेवूच नका, कारण लोकांच्या अडचणी गोळा करून ड्रॉवरमध्ये टाकणं हे काहीच न विचारण्यापेक्षा वाईट.

बाकीच्यांत, डोळे मिटून मागे पडायचा ‘ट्रस्ट फॉल’ बाद करा. एकाचा पाय घसरला की संपलं, आणि सहकाऱ्याने हातात झेलल्याने विश्वास वाढतो हे गृहीतकच तकलादू आहे. वेळेवर उत्तर देणारा सहकारी त्यापेक्षा जास्त विश्वास कमावतो. थरारक प्रकारांबाबत एवढं लक्षात असू द्या: जून २०२२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये, झुरिच तलावाकाठी एका कंपनीच्या कार्यक्रमात निखाऱ्यांवरून चालताना २५ जण भाजले. ‘तुमच्या आयुष्यातला सर्वांत कठीण प्रसंग सांगा’ हा प्रश्नही त्याच जातीचा, फक्त भाजलेलं वरून दिसत नाही.

भाग न घेण्याची वाट उघडी ठेवा

कार्यक्रम ऐच्छिक असेल तर खरोखर ऐच्छिक असू द्या. न येणाऱ्याने कारण द्यायचं नाही, हजेरीपट लावायचा नाही, मूल्यमापनाच्या वेळी ‘तुम्ही मिसळत नाही’ असं ऐकवायचं नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये फ्रान्सच्या सर्वोच्च अपील न्यायालयासमोर असंच प्रकरण आलं होतं. कंपनीच्या मद्यपानाच्या पार्ट्या आणि ‘मौजमजेच्या’ संस्कृतीत सामील होत नाही, हे एका कर्मचाऱ्याला काढण्याच्या कारणांत होतं. न्यायालयाने निकाल त्या कर्मचाऱ्याच्या बाजूने दिला.

आलेल्यांमध्येही सगळ्यांना खेळायचं नसतं. वेळ सांगणारा, उंची मोजणारा, कार्डं लावणारा, गुण लिहिणारा अशा चार-पाच खऱ्या भूमिका ठेवा आणि त्या निमंत्रणातच जाहीर करा. ‘ज्यांना खेळायचं नाही त्यांनी तिकडे बसा’ असं माइकवर म्हणणं म्हणजे त्यांना वर्गाबाहेर उभं करणं. फोटोंचंही विचारा: नावाच्या पट्टीवर लाल ठिपका म्हणजे फोटो नको, एवढं पुरेसं असतं.

दिवसाचा आराखडा आणि सामान

अर्ध्या दिवसाचा आराखडा असा बसतो. साडेबाराला जेवण, गटांच्या टेबलांवरच, ५० मिनिटं. ओळख इथेच होते, त्यासाठी वेगळा आइसब्रेकर लागत नाही. १:२० ला वरिष्ठांचं स्वागत, तीन मिनिटं. घड्याळ लावून तीनच. मग चित्रांचा खेळ चर्चेसह १:५५ पर्यंत, दहा मिनिटं मोकळी, २:०५ ते २:५० ‘कुठे अडतं’, पंधरा मिनिटं चहा-कॉफी (ठिपके याच वेळात चिकटवायचे), आणि ३:०५ पासून तीन निर्णय. निमंत्रणात शेवट चार वाजता लिहा आणि पावणेचारला संपवा. त्यानंतर कुणी डेस्कवर परत जायचं नाही, थेट घरी. माणसाला एखाद्या अनुभवातला सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट जास्त आठवतो, हे मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमान यांच्या १९९० च्या दशकातल्या प्रयोगांनी दाखवलं. पंधरा मिनिटं लवकर सुटणं हा बिनखर्चाचा उत्तम शेवट. आभारप्रदर्शन, प्रमाणपत्रं आणि सामूहिक घोषणा हा खर्चिक आणि वाईट.

जागा बघताना टेबल-खुर्च्यांसह माणशी किमान दोन चौरस मीटर धरा, म्हणजे ६० जणांना १२० चौरस मीटर. दोन टेबलांच्या कडांमध्ये दीड मीटर अंतर, नाहीतर खुर्च्या एकमेकींना भिडतात आणि चित्रांच्या खेळात शेजारचाच आवाज जास्त येतो. गुळगुळीत फरशी आणि पडदे नसलेल्या काचा असलेल्या हॉलमध्ये १२ गट एकदम बोलू लागले की कुणालाच काही ऐकू येत नाही. जागा ठरवण्याआधी हॉलच्या मध्यभागी उभं राहून टाळी वाजवा. घुमली तर दुसरी जागा बघा, किंवा गट दोन खोल्यांत वाटा. सूचना माइकवर दोन मिनिटांत सांगायच्या आणि त्याच छापून प्रत्येक टेबलावर ठेवायच्या. तोंडी सूचना निम्म्यांच्या कानावरून जातात आणि पहिली पाच मिनिटं ‘काय करायचंय?’ यातच संपतात.

पैसे कमी पडले तर टी-शर्ट, बॅनर, ट्रॉफी, सूत्रसंचालक या क्रमाने कापत जा. प्रवास, जेवण, बसायची नीट जागा आणि स्वच्छतागृह यांना हात लावू नका. एकूण रकमेचा दहावा हिस्सा शिलकीत ठेवा. शेवटच्या दिवशी एखादी जास्तीची गाडी किंवा पथ्याचं वेगळं जेवण लागतंच.

घरून काम करणारे असतील तर निम्मे हॉलमध्ये आणि निम्मे भिंतीवरच्या स्क्रीनवर असं करू नका. स्क्रीनवरची माणसं प्रेक्षक होतात. एकतर सगळे आपापल्या स्क्रीनवर, चार-चारच्या खोल्यांत, जास्तीत जास्त एक तास, आणि कॅमेऱ्याची सक्ती नाही. नाहीतर सगळ्यांना प्रत्यक्ष बोलवा, येण्या-राहण्याचा खर्च आधी देऊन. ‘बिल लावा, नंतर मिळेल’ असं नको.

दुसऱ्या दिवशीच्या फॉर्ममध्ये ‘कसं वाटलं?’ विचारू नका, पुन्हा ‘छान’च येईल. निनावी तीन प्रश्न पुरतात: कोणता भाग काढून टाकावा, कोणत्या नव्या माणसाशी बोलणं झालं, हाच कार्यक्रम ऐच्छिक म्हणून पुन्हा ठेवला तर याल का. तिसऱ्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणारे किती, हा एकच आकडा वर्षानुवर्षं लिहून ठेवण्याजोगा. आणि दोन आठवड्यांनी त्या तीन अडचणींचं काय झालं ते सगळ्यांना कळवा, न सुटलेलीचंही.

आता तुमच्या आगाऊ रकमेचं. ती गेली म्हणून जुनाच बेत रेटू नका. व्हेंडरला फोन करून चार गोष्टी मागा: तारीख कामाच्या दिवशी हलवणं, पूर्ण दिवसाऐवजी अर्धा दिवस, त्यांच्या खेळांच्या यादीतून फॉर्ममध्ये बाद झालेले प्रकार वगळणं, आणि गटांची यादी तुमची. बहुतेक व्हेंडर तारीख आणि खेळ बदलून देतात, रक्कम परत देत नाहीत. जागा लांबची असेल आणि बदलत नसेल तर बसचा वेळ कामाच्या वेळात धरा: सकाळी ऑफिसच्या वेळेला निघायचं, ऑफिस सुटायच्या वेळेला परत. सूत्रसंचालकाला आधीच सांगून ठेवा की ‘आवाज येत नाही, अजून जोरात!’ हे वाक्य वापरायचं नाही.